भाताने उपसलेले कॅडमियम: जपानच्या खाचरांतले एक प्रकरण

कॅडमियम या विषारी जड धातूने बिघडलेल्या एका जपानी भातखाचरात चोकोकोकू नावाचे भात लागोपाठ दोन हंगाम लावले गेले. ते खाण्यासाठी नव्हते. कापणीनंतर दाणा आणि पेंढा दोन्ही शेताबाहेर काढले. मोजमाप केले तेव्हा हेक्टरी ८८३ ग्रॅम कॅडमियम पिकाबरोबर बाहेर पडल्याचे दिसले. मातीतले एकूण कॅडमियम ३८ टक्क्यांनी उतरले होते. मग त्याच खाचरात रोजच्या जेवणातले जपानी भात घेतले, तेव्हा त्याच्या दाण्यातले कॅडमियम ४७ टक्के कमी भरले आणि उत्पादनही घटले नाही. मासाहारू मुराकामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम २००९ साली प्रसिद्ध केले.

झाडे मातीतून जड धातू ओढून घेतात, हे आता बऱ्याच जणांनी ऐकलेले असते. मोहरी, सूर्यफूल, वाळा, जलपर्णी अशी नावेही पुढे येतात. पण यातले पुष्कळसे काम कुंडीतच थांबते: रोपाच्या पानात अमुक इतके शिसे सापडले, एवढ्यावर निष्कर्ष काढला जातो. जपानच्या या कामाची मला किंमत वाटते ती त्याच्या शेवटच्या पायरीमुळे. झाडाने किती शोषले एवढेच न विचारता, त्यानंतर त्या जमिनीत पिकलेला घास किती सुधारला, हे त्यांनी तपासले. जमीन साफ करायची ती शेवटी त्या घासासाठीच.

मुळात हा प्रश्न भातातच का आला, हे समजायला आधी जिंझू नदीवर जावे लागते.

नदी, खाण आणि तांदूळ

जिंझू नदी गिफू प्रांताच्या डोंगरांतून उत्तरेला वाहत तोयामाच्या सपाटीवर येते आणि समुद्राला मिळते. तिच्या वरच्या अंगाला कामिओकाची खाण होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मित्सुई समूहाने ती ताब्यात घेतली. तिथे शिसे आणि जस्त निघे. जस्ताच्या खनिजात कॅडमियम नेहमीच थोड्या प्रमाणात मिसळलेले असते आणि त्या काळात ते कुणाला नको होते. युद्धाच्या वर्षांत उत्पादन वाढले, खनिज अधिकाधिक बारीक दळले जाऊ लागले आणि धुण्याच्या पाण्यातून ती भुकटी नदीत उतरत राहिली. खालचे शेतकरी त्याच नदीचे पाणी पाटाने खाचरांत घेत. पाणी खाचरात उभे राहिले की गाळ बसे. अशी वर्षानुवर्षे एकेक पातळ पुटे साचत गेली.

त्या गावांत प्रौढ बायकांना, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या आणि पाळी गेलेल्या बायकांना, एक विचित्र आजार होऊ लागला. कंबर दुखे, मांड्या दुखत, चालताना अंग हेलकावे खाई. पुढे हाडे इतकी ठिसूळ होत की खोकल्याच्या उबळीनेही बरगडी मोडे. रुग्ण ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणून कण्हत, म्हणून आजाराला तेच नाव पडले. गावातले डॉक्टर नोबोरू हागिनो युद्धावरून परतल्यावर या बायकांवर उपचार करत होते. आधी कुपोषणाचा संशय होता. १९५७ मध्ये हागिनो यांनी बोट खाणीकडे दाखवले आणि १९६१ मध्ये कॅडमियमचे नाव उघडपणे घेतले. त्यांना पुष्कळ टीका सोसावी लागली. शेवटी मे १९६८ मध्ये जपान सरकारने हा आजार प्रदूषणामुळे झाल्याचे मान्य केले. प्रदूषणजन्य म्हणून सरकारने कबूल केलेला तो देशातला पहिला रोग.

कॅडमियम मूत्रपिंडात जाऊन बसते आणि तिथून त्यातले निम्मे निघायलाच दहा ते तीस वर्षे लागतात. मूत्रपिंडाच्या नलिका बिघडल्या की शरीराला हवे असलेले फॉस्फेट लघवीवाटे जाऊ लागते आणि हाडे मऊ पडतात. रोज थोडे थोडे, आणि तेही तिन्ही त्रिकाळ खाल्ल्या जाणाऱ्या तांदळातून. म्हणूनच आजार उघडा पडायला आयुष्याची तीस-चाळीस वर्षे जावी लागली.

गावकऱ्यांनी १९६८ मध्ये दावा लावला, १९७१ मध्ये जिंकला आणि ऑगस्ट १९७२ मध्ये अपिलातही निकाल टिकला. त्यानंतर कंपनीशी जे करार झाले, त्यांतला एक मला फार मोलाचा वाटतो: खाणीची आणि कारखान्याची पाहणी करण्याचा हक्क रहिवाशांना मिळाला आणि त्या पाहणीचा खर्च कंपनीने उचलायचा ठरले. रहिवासी आणि त्यांच्या बाजूचे तज्ज्ञ दरवर्षी तिथे जात राहिले. नदीत येणारे कॅडमियम हळूहळू नैसर्गिक पातळीच्या जवळ आले. हे आधी झाले नसते, तर पुढचे माती सुधारण्याचे सगळे काम वाया गेले असते. वरून विष येत असताना खाली कोणतेही पीक लावून जमीन साफ होत नाही.

जिंझूच्या खाचरांत मात्र झाडे लावली गेली नाहीत. तिथे माती बदलली. दूषित थर खरवडून खोल पुरायचा, त्यावर दाबून घट्ट थर करायचा, वर बाहेरून आणलेली स्वच्छ माती पसरायची. १९७९ ला सुरू झालेले हे काम २०१२ मध्ये संपले. ८६३ हेक्टर जमीन सुधारली आणि सुमारे ४०.७ अब्ज येन खर्च झाले. भागाकार केला तर हेक्टरी साधारण ४ कोटी ७० लाख येन पडतात. पैसा सोडला तरी एवढी माती आणायची कुठून? ती कुठला तरी डोंगर पोखरूनच येते. शिवाय नवी माती म्हणजे नापीक माती. खत घालून, पेंढा कुजवून तिला भाताजोगी करायला शेतकऱ्याची पुढची कैक वर्षे जातात.

मधला पट्टा

शेतजमिनीच्या प्रदूषणाविरुद्ध जपानने केलेल्या १९७० च्या कायद्याने मर्यादा घातली ती तांदळावर: किलोला १.० मिलिग्रॅम कॅडमियम. त्याच्या वर तांदूळ निघाला की जमीन दूषित म्हणून जाहीर व्हायची आणि सरकारी योजनेतून सुधारायची. पण ०.४ ते १.० या दरम्यानच्या तांदळाचे काय? तो कायद्याने खाण्यालायक होता, तरी लोकांच्या ताटात जाऊ द्यायचा नाही असे ठरले होते. मग सरकार तो विकत घेई आणि खळ बनवण्यासारख्या कामांना देई. शेतकरी पिकवतोय, सरकार घेतेय आणि तांदूळ कुणाच्याच पोटात जात नाही, अशी ही वर्षानुवर्षांची व्यवस्था होती.

२००६ मध्ये आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत पॉलिश केलेल्या तांदळासाठी किलोला ०.४ मिलिग्रॅम ही मर्यादा आली. जपानने ती फेब्रुवारी २०११ पासून लागू केली. एका सहीसरशी मधला पट्टा ‘खाण्यालायक’ मधून ‘खाण्यास अयोग्य’ मध्ये गेला.

या पट्ट्यातली शेते जिंझूइतकी बिघडलेली नव्हती. कुठे मातीत किलोला एक, कुठे दीड, कुठे दोन मिलिग्रॅम कॅडमियम. अकितासारख्या जुन्या खाणींच्या प्रांतांत ती विखुरलेली होती. एवढ्याशा बिघाडासाठी हेक्टरी कोट्यवधी येन ओतून डोंगराची माती आणणे परवडणारे नव्हते, आणि तसेच सोडून देणेही शक्य नव्हते. वनस्पतींनी माती साफ करण्याचे तंत्र कुठे शोभते, याचे उत्तर इथेच मिळते. जिथे बिघाड भयंकर आहे तिथे ते अपुरे पडते. जिथे जमीन मर्यादेच्या थोडीशीच पलीकडे गेलेली आहे, तिथे त्याचा खरा उपयोग.

मग भातच का

निसर्गात कॅडमियम वेड्यासारखे साठवणाऱ्या वनस्पती आहेत. जपानच्याच डोंगरांत मोहरीच्या कुळातली एक चिमुकली वनस्पती आहे, तिच्या पानांत कॅडमियम भरपूर साठते. अडचण तिच्या आकाराची. एवढ्या बुटक्या रोपांनी हेक्टरी किती पाला येणार? शेतातून बाहेर जाणारे कॅडमियम म्हणजे पाल्याचे वजन गुणिले त्यातले प्रमाण. दोहोंपैकी एक जरी तोकडे असले तरी गुणाकार लहानच राहतो.

भाताचे उलट. प्रमाण मध्यम, पण पाला भरपूर. शिवाय भात खाचरात वाढते. तिथे बांध आहे, पाट आहे, लावणीचे यंत्र आहे, आणि शेतकऱ्याला ते पीक डोळे मिटून घेता येते. नव्या झाडासाठी नवे अवजार, नवे बियाणे, नवी सवय लावावी लागत नाही.

पण सगळी भाते सारखी नाहीत. कोशिहिकारीसारखी जपानी, आखूड-जाड दाण्याची वाणे कॅडमियम बहुतांशी मुळात अडवून ठेवतात. इंडिका या उष्ण प्रदेशातल्या भातांच्या गटातली काही वाणे मात्र ते सरळ पाल्यात चढवतात. शेकडो वाणांच्या चाचण्यांतून अशी वाणे पुढे आली: चोकोकोकू, कोरियातले मिल्यांग २३, भूतानचे जरजन, आणि हरितक्रांतीच्या काळात आपल्याकडेही घराघरात पोहोचलेले आयआर-८. ज्या आयआर-८ ने एकेकाळी आशियाची भूक भागवली, त्याच्याच नात्यातले गुण आता माती साफ करायला निवडले जात होते, हे मला थक्क करते.

अशी वाणे वेगळी का, याचा उलगडा ओकायामा विद्यापीठातल्या संशोधकांच्या कामातून झाला. २०१० साली त्यांनी भातातले एक जनुक शोधले. शोधासाठी त्यांनी वापरलेल्या, कॅडमियम ओढणाऱ्या वाणाचे नाव आहे अंजना धान. आपल्या उपखंडातलेच वाण. मुळाच्या पेशीत एक पोकळी असते आणि नको असलेला माल माळ्यावर टाकावा तसे भाताचे मूळ कॅडमियम त्या पोकळीत टाकून देते. टाकण्याचे हे काम करणारे प्रथिन हे जनुक बनवते. अंजना धानात त्या प्रथिनातले फक्त एक अमिनो आम्ल वेगळे आहे, आणि तेवढ्यानेच ते निकामी झालेले आहे. मग कॅडमियमला मुळात थारा राहत नाही, ते रसाबरोबर वर पाल्यात आणि दाण्यात जाते. चोकोकोकूची गोष्टही याच जनुकापाशी येऊन थांबली. खाणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष आहे. माती साफ करणाऱ्याच्या दृष्टीने याच्यासारखा गुण नाही.

पाणी कधी सोडायचे

भात जाणणाऱ्या वाचकाला यातला सगळ्यात रंगतदार भाग पाण्याचा वाटेल.

खाचरात पाणी उभे असते तेव्हा मातीतला प्राणवायू संपतो. अशा मातीत गंधक सल्फाइडच्या रूपात येते आणि कॅडमियम त्याला चिकटून जवळजवळ न विरघळणारे संयुग बनते. मूळ शेजारी असूनही त्याला ते घेता येत नाही. पाणी काढले, माती भेगाळली, हवा आत शिरली, की तेच सल्फाइड मोडते आणि कॅडमियम पाण्यात विरघळून मुळापाशी येते.

जपानी शेतकऱ्याला खाण्याच्या भातासाठी म्हणूनच उलटा सल्ला मिळत असे: लोंबी निसवण्याच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे खाचरात पाणी हटू देऊ नका. दाणा भरण्याच्या त्या काळात कॅडमियम बांधलेले राहते. सफाईच्या भातासाठी नेमके उलट करायचे. लावणीनंतर पाणी ठेवायचे, कारण फुटवे भरपूर हवेत आणि पाला वाढायला हवा. फुटवे झाले की पाणी सोडून द्यायचे आणि परत द्यायचे नाही. खाचर कोरडे पडते, कॅडमियम सुटे होते, आणि तोवर जमिनीत पसरलेली मुळे ते ओढून घेतात. लवकर पाणी तोडले तर पाला कमी, उशिरा तोडले तर कॅडमियम कमी. या दोहोंतला मध्य गाठणे हीच सगळी कला. आपल्याकडे आश्विनात खाचरातले पाणी कधी काढायचे याचा अंदाज घेणारे हात असतात, तसेच हात तिथेही लागतात.

रसायने ओतून धातू सुटे करण्याचे प्रयोग जगात पुष्कळ झाले आणि त्यांतला धोका उघड आहे: सुटलेला धातू झाडाने घेतला नाही तर पावसाबरोबर खाली विहिरीच्या पाण्यात जातो. इथे बाहेरचे काहीच घालावे लागले नाही. शेतकऱ्याने फक्त पाटाची फळी उचलली.

आकडा उघडून पाहू

८८३ ग्रॅम म्हणजे ३८ टक्के. याचा अर्थ त्या खाचराच्या नांगरटीच्या थरात सुरुवातीला हेक्टरी सुमारे २ किलो ३२० ग्रॅम कॅडमियम होते. एकरात सांगायचे तर ९४० ग्रॅम. पंधरा सेंटिमीटर खोलीच्या मातीचे वजन हेक्टरी साधारण पंधराशे टन धरले, तर किलोला दीड मिलिग्रॅमच्या आसपास प्रमाण येते. एवढ्याशा प्रमाणाने तांदूळ नापास होतो.

दोन वर्षांत ३८ टक्के, म्हणजे दरवर्षी शिल्लक असलेल्याच्या सुमारे २१ टक्के. हाच वेग कायम राहिला असे धरून किलोला ५ मिलिग्रॅम असलेल्या शेताचा हिशोब मांडला, तर ते ०.५ वर यायला कागदावर जवळजवळ दहा वर्षे लागतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतील, कारण पहिल्या दोन वर्षांत जाते ते सैल धरलेले कॅडमियम. नंतर उरते ते मातीच्या कणांना घट्ट चिकटलेले, आणि ते सोडवून घेणे दरवर्षी अवघड होत जाते. दहा वर्षे आपल्या शेतात न खाण्याचे भात लावणारा शेतकरी मला तरी दिसत नाही.

पण याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. सैल धरलेले कॅडमियमच पुढच्या पिकात जाणार असते. म्हणूनच मातीतले एकूण प्रमाण ३८ टक्के घटले, तर तांदळातले त्याहून जास्त, ४७ टक्के. मातीच्या एकूण आकड्यावर बोट ठेवून ‘अजून ६२ टक्के शिल्लक आहे’ म्हणणारा माणूस शेताच्या दृष्टीने चुकीची मोजपट्टी वापरतोय.

आता हाच ४७ टक्क्यांचा आकडा मर्यादेला लावून पाहा. ज्या शेतातला तांदूळ ०.७ भरत होता, तो ०.३७ वर येतो आणि पास होतो. ज्याचा १.२ होता, तो ०.६४ वर येतो आणि नापासच राहतो. एकच तंत्र, एकच मेहनत, एका बांधावर यश आणि शेजारच्या बांधावर अपयश. सफाईच्या झाडांची भलामण करणाऱ्या कुठल्याही योजनेला मी हा पहिला प्रश्न विचारीन: सुरुवात किती आकड्यावर आहे आणि पोहोचायचे किती आकड्यावर आहे? ही दोन उत्तरे नसतील तर मोहरी लावा की सूर्यफूल, नुसते हिरवे रान दिसेल.

पेंढ्याचे काय करायचे

शेतातून काढलेले कॅडमियम नाहीसे होत नाही, ते पेंढ्यात असते. खोडाच्या, पानाच्या प्रत्येक कांडीत. हा पेंढा जनावरांना घालता येत नाही, शेणखतात कुजवता येत नाही, शेताच्या कडेला जाळता येत नाही. कुठेही गेला तरी कॅडमियम परत जमिनीत येते.

जपानी संशोधकांनी यासाठी कापणीची रीतच बदलली. दाणा आधी वेगळा काढायचा, पेंढा शेतातच पसरून सुकू द्यायचा, मग यंत्राने त्याच्या गोल गाठी बांधून, पाऊस लागणार नाही अशा ठेवायच्या. ओला पेंढा जड असतो, वाहतुकीला महाग आणि जाळायला त्याहून महाग. म्हणून सुकवण्याला एवढे महत्त्व. शेवटी तो धुरावर प्रक्रिया करणाऱ्या भट्टीत जाळायचा. कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे भट्टीच्या उष्णतेत त्याची वाफ होते. ती धुराड्यातून बाहेर गेली तर सगळे मुसळ केरात. धूर गार करून कापडी गाळण्यांतून काढला की ते राखेत अडकते, आणि मग ती राख धोकादायक कचरा म्हणून ठेवायची. पंधराशे टन माती हलवण्याऐवजी काही टन पेंढा आणि शेवटी थोडीशी राख. वनस्पतींच्या वाटेने जाण्याचा खरा फायदा हाच की घाण आटवून सांभाळण्याजोगी करता येते.

आपल्याकडे असे काही करायचे म्हटले तर मला सगळ्यात मोठी धास्ती याच टप्प्याची वाटते. कोकणात पेंढा म्हणजे गोठ्याचे वर्षभराचे वैरण. शेतात उभी केलेली उडवी कुणी उचलून नेणार नाही, चुकून गुरांच्या दावणीत पडणार नाही, याची हमी कोण देणार? झाड लावायला हौसेने माणसे जमतात. कापून, मोजून, भट्टीपर्यंत पोहोचवायला यंत्रणा लागते आणि ती आधी उभी असावी लागते.

चोकोकोकूचा आणखी एक ताप होता. दाणा सहज झडायचा, पीक आडवे पडायचे. झडलेला दाणा पुढच्या वर्षी खाण्याच्या भातात आपोआप उगवला, तर तोच कॅडमियमने भरलेला तांदूळ धान्यात मिसळणार. म्हणून इंडिकाचा हा शोषणारा गुण न झडणाऱ्या, ताठ उभ्या राहणाऱ्या भातात आणण्यासाठी पैदासकारांनी संकर सुरू केले.

उलट्या दिशेने

इतके सगळे जमत आले असताना प्रकरणाने वळण घेतले. सातोरू इशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोशिहिकारीच्या बियांवर, त्यांच्या जनुकांत बदल घडावेत म्हणून, कार्बन आयनांचा (विद्युतभारित कार्बन अणूंचा) मारा केला आणि हजारो रोपांतून काही अशी शोधली, ज्यांच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ नव्हतेच. २०१२ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. त्या रोपांत मुळाचे एक दार बंद पडले होते. ज्या दाराने मँगेनीज आत येते, त्याच दाराने कॅडमियमही घुसते. त्यातून ‘कोशिहिकारी कान १’ हे वाण तयार झाले. तो गुण पुढे अकिताच्या लाडक्या अकिताकोमाची भातात आणला गेला, आणि २०२५ पासून त्या प्रांताने अकिताकोमाचीऐवजी हे नवे ‘आर’ वाण लावायला सुरुवात केली. आयनांच्या माऱ्यामुळे काही ग्राहकांनी विरोधही केला.

या वाणाचे फायदे खरे आहेत. शेतकऱ्याला एकही हंगाम सोडावा लागत नाही, पेंढा जाळावा लागत नाही, आणि पाण्याची एक जुनी कोंडीही सुटते. खाचरात पाणी उभे ठेवले की कॅडमियम कमी होते, पण आर्सेनिक वाढते, कारण प्राणवायू संपल्यावर लोहाला चिकटलेले आर्सेनिक सुटे होते. म्हणजे एक विष टाळायला जावे तर दुसरे ताटात. कॅडमियम घेतच नाही असे भात असले, तर पाणी बिनधास्त सोडता येते आणि आर्सेनिकही आटोक्यात राहते. किंमत एकच: मँगेनीजचे दारही बंद असल्याने मँगेनीज कमी असलेल्या मातीत या भाताच्या पानांवर तपकिरी ठिपक्यांचा रोग लवकर येतो.

यामुळे माती साफ करणाऱ्या भाताची गरज संपली, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. न शोषणारे भात खाणाऱ्याला वाचवते, जमिनीला नाही. कॅडमियम जिथे होते तिथेच, आणि जपानची खाचरे काही कायम भाताखाली राहत नाहीत. तांदूळ जास्त पिकतो म्हणून १९७० पासून तिथे भाताचे क्षेत्र कमी करण्याचे धोरण चालले आणि हजारो खाचरांत सोयाबीन आणि गहू आले. सोयाबीनला पाणी साचलेले चालत नाही. खाचर कोरडे करावे लागते, आणि कोरड्या मातीत कॅडमियम सुटे होते हे आपण वर पाहिलेच. सोयाबीनच्या दाण्यात ते सहज जाते आणि जपानी माणसाच्या जेवणात टोफू, मिसो, नात्तो या सगळ्यांच्या रूपाने सोयाबीन रोज असते. मुराकामी यांच्या गटाने २००८ मध्ये नेमका हाच मुद्दा तपासला होता: मिल्यांग २३ भात घेऊन मग त्याच मातीत सोयाबीन लावले, तेव्हा सोयाबीनच्या दाण्यातले कॅडमियम उतरले. भाताची बदललेली मुळे सोयाबीनला काहीच मदत करू शकत नाहीत. साफ झालेली माती मात्र जे पीक येईल त्याला साफ मिळते, मग ते गहू असो, पालक असो की तिसऱ्या पिढीने लावलेले आणखी काही.

त्यामुळे या दोन वाटा एकमेकींच्या जागी ठेवू नयेत असे मला वाटते. जे खाचर पुढेही भाताचेच राहणार, तिथे न शोषणारे वाण लावावे. जे सोयाबीनकडे किंवा भाजीपाल्याकडे जाणार आहे आणि मर्यादेच्या थोडेच पलीकडे आहे, तिथे आधी दोन-तीन हंगाम शोषणारे भात घ्यावे, आणि त्या हंगामांची पूर्ण भरपाई शेतकऱ्याला मिळावी, कारण कॅडमियम त्याने आणलेले नाही. जे फारच बिघडलेले आहे, तिथे माती बदलण्याला पर्याय नाही.

कामिओकाची खाण २००१ मध्ये बंद झाली. तिच्या पोटात आता न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण टिपणारी, पन्नास हजार टन पाण्याची टाकी आहे आणि त्या कामाला नोबेलही मिळाले. डिसेंबर २०१३ मध्ये पीडितांच्या संघटना आणि कंपनी यांच्यात अखेरचा समझोता झाला. मूत्रपिंड बिघडलेल्या पण ‘इताई-इताई’चे रुग्ण म्हणून न गणलेल्या माणसांनाही त्यात ६ लाख येन मिळण्याची तरतूद झाली. रहिवाशांच्या वर्षातून एकदा होणाऱ्या पाहण्या त्यानंतरही चालू राहिल्या.